एका रात्रीत फुटलेला कंठ

दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास फर्निचरच्या जुन्या गोदामाबाहेर चपलांचा ढीग लागायचा. ढिगात रबरी सपाता असायच्या, शाळामास्तरांचे बूट असायचे, बँकेतल्या बाईंच्या उंच टाचाही असायच्या. आत दोनशे खुर्च्या आणि त्यांवर अडीचशे माणसं. समोर टेबलावर हिरवी मखमल, मखमलीवर पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यावर काळी खोळ. आणि टेबलामागे पक्षीबाबा.

पक्षीबाबा दिसायला अगदी साधा होता, हीच त्याची खुबी. जटा नाहीत, माळा नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. बोलणं मात्र असं, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी डोक्यावर तेल चोळतंय.

"माणूस गेलं म्हणजे काय गेलं?" तो विचारायचा. "श्वास गेला. श्वास म्हणजे काय? वारा. आणि वाऱ्यावर राहतं कोण? पाखरू. मग आपलं माणूस कुठे गेलं, हे मी आणखी सांगायला हवं का?"

या हिशेबाने सायकलच्या ट्यूबमध्येसुद्धा कुणाचे तरी आजोबा निघायला हवे होते. पण हे तिथे कुणी बोललं नाही. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक माणूस कमी झालं होतं, आणि अशा घरात हिशेब तपासायला कुणाला सवड नसते.

चमत्कार दोन गुरुवारांचा असायचा. पहिल्या गुरुवारी बाबा खोळ उचलून पोपटाचं पिल्लू दाखवायचा. हिरवंगार, मान कोरी. "अजून घर रिकामं आहे," तो म्हणायचा, आणि खोळ पुन्हा खाली. दुसऱ्या गुरुवारी तीच खोळ उचलली की गर्दीतून सुस्कारा उठायचा. त्याच पिल्लाच्या गळ्याला समोरून काळी आणि मानेवरून गुलाबी रेघ उमटलेली असायची. कंठ फुटलेला असायचा. "कंठ फुटला. आत्मा बसला," बाबा सांगायचा, आणि मग ते पाखरू गेलेल्या माणसाचं एखादं वाक्य बोलायचं. घरातलं वाक्य. बाहेरच्या कुणाला ठाऊक नसावं असं.

त्या गुरुवारी चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर एक रंगारी बसला होता.

एकतीस वर्षं तो कपडे रंगवत होता. विटलेल्या साड्या, उन्हाने उडालेले पडदे, गणवेशांचे तागे. नखांच्या कडा कायमच्या निळ्या. गिऱ्हाइकाला तो आधीच सांगायचा, हा रंग पक्का बसेल, हा बसणार नाही. आणि बसणार नसेल तर काम घ्यायचा नाही. त्यामुळे वस्तीत म्हणच पडली होती, की रंगाऱ्याचा रंग जाईल पण शब्द जाणार नाही. गंडे-दोरे, गुप्तधन, अंगात येणं, या सगळ्याला तो आजवर हसत आला होता. लग्नानंतर बायकोच्या माहेरी कुणाच्या तरी अंगात आलं, तेव्हा याने त्या बाईला शांतपणे विचारलं होतं, बाई, दम लागला असेल, पाणी देऊ का. सासरवाडी वर्षभर बोलली नव्हती. बायको मात्र तो प्रसंग आठवून म्हातारपणापर्यंत हसली.

ती बायको सात महिन्यांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. रंगाऱ्याचं जेवण सुटलं, दुकान दुपारनंतर उघडायला लागलं. तेव्हा त्याला धरून ठेवलं ते बायकोच्या धाकट्या भावाने. या मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, बसथांब्याजवळ, एका माणसाला धड वळता येणार नाही एवढं. दुकान बंद करून तो रोज दाजींकडे यायचा, डबा उघडून समोर ठेवायचा आणि ते जेवेपर्यंत हलायचा नाही. ताईचे फोटो जपून ठेवायला हवेत म्हणून तिचा फोनही तो दुकानात घेऊन गेला होता. महिन्याभराने परत आणून दिला. रंगाऱ्याने तो कपाटात ठेवला. उघडायचा धीर झाला नाही.

पक्षीबाबाचं नावही प्रथम मेहुण्यानेच काढलं. रंगाऱ्याने हात झटकला. मेहुण्याने आग्रह केला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा सहज विषय काढला, मग पुन्हा. शेवटी म्हणाला, माझ्यासाठी चला, विश्वास ठेवू नका, नुसते बसा. इतकं करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

तर रंगारी नुसता बसला होता. गेल्या गुरुवारी कोरी मान पाहिली होती, आज कंठ पाहिला. असेल काहीतरी, असं म्हणून त्याने हाताची घडी घातली. बाबाने पिंजरा त्याच्यासमोर आणला. पोपटाने मान वाकडी करून त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, "अहो, चष्मा राहिला. परत येताय?"

रंगाऱ्याची हाताची घडी सुटली.

आवाज पोपटाचाच होता, बारीक आणि चिरका. पण "अहो"वर जरासं थांबणं, "राहिला"चा शेवट खाली सोडणं आणि "येताय" वर उचलणं, ती चाल तिची होती. हे वाक्य तिने त्याला जन्मभर ऐकवलं होतं, कारण तो चष्मा जन्मभर विसरत आला होता. बाहेरच्या कुणाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अडीचशे माणसांसमोर रंगारी तोंडावर हात धरून रडला. मेहुणा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

बाबाने घाई केली नाही. रडू ओसरू दिलं. मग म्हणाला, काका, दोन शब्द बोला. रंगारी उभा राहिला आणि म्हणाला, "मी आजवर असल्या गोष्टींना हसत आलो. पण हे तिचंच बोलणं आहे. मी ओळखतो."

बाबाला जे हवं होतं ते एवढंच. पुढच्या गुरुवारी गोदामात पाचशे माणसं होती. रंगारी म्हणतो म्हणजे आहे काहीतरी, असं लोक एकमेकांना सांगत होते.

बाबाची दक्षिणा दिली, पोपट घरी आला आणि रंगाऱ्याच्या घराला पुन्हा वेळापत्रक आलं. सकाळी पेरूची फोड, दुपारी हिरवी मिरची, संध्याकाळी गप्पा. "परत येताय?" असं पोपटाने विचारलं की हा दुकानाच्या दारातून म्हणायचा, आलोच. बाबाने पोपटाबरोबर तीन नियम दिले होते. पाखराला आंघोळ घालायची नाही. कंठाला हात लावायचा नाही. आणि बाहेरच्या माणसाला, त्यातही डॉक्टरला, पाखराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आत्मा बुजरा असतो, परक्याच्या चौकशीने उडून जातो. रंगाऱ्याने तिन्ही पाळले.

बघता बघता वस्तीत पोपटांचं पेव फुटलं. गॅलरीत पिंजरे, दुकानाच्या काउंटरवर पिंजरे, शिवणकामाच्या मशीनशेजारी पिंजरे. ज्यांच्या घरी कुणीच गेलं नव्हतं त्यांनीसुद्धा शेजारच्यांकडे आहे म्हणून साधे पोपट विकत घेतले. पिल्लं येतात कुठून, हे कुणी विचारलं नाही. थोड्याच महिन्यांपूर्वी ती कुठल्यातरी झाडाच्या ढोलीत आईच्या पंखाखाली होती, आणि त्यांच्यातली बरीच पोत्यात कोंबून आणतानाच मरत होती, हे नंतर कळायचं होतं.

रंगाऱ्याच्या दुकानासमोर बेकरी होती. बेकरीवाला तरुण, डोकं ठिकाणावर असलेला माणूस. तो आधी पक्षीबाबाची टर उडवायचा. रंगाऱ्याने सांगितल्यावर मात्र त्याने टर उडवणं थांबवलं आणि एके दिवशी तोही पिंजरा घेऊन आला. त्याची आई वर्षापूर्वी गेली होती. पहाटे भट्टी पेटवायला तीच त्याला उठवायची. पोपट म्हणायचा, "उठलास का रे?" बेकरीवाल्याची आठ वर्षांची मुलगी, जिला सगळे छोटी म्हणत, त्या पोपटाच्या मागेपुढे असायची. पिंजऱ्याचा तळ रोज तीच खरवडायची, वाळलेली घाण फुंकरीने उडवायची. आजीचं घर स्वच्छ हवं, असं तिचं म्हणणं.

तीन आठवड्यांनी छोटीला ताप भरला. आधी साधाच वाटला. मग कोरडा खोकला, डोकं फुटेल असं दुखणं, मग धाप. मंगळवारी तिला इस्पितळात ठेवलं. रंगारी तिथे कॉरिडॉरमध्ये बेकरीवाल्याशेजारी बसला होता, तेव्हा डॉक्टर बाहेर आले. नेहमीच्या औषधाला ताप जुमानत नाही, असं ते म्हणाले, आणि मग एकामागून एक प्रश्न विचारू लागले. घरात कुणी आजारी आहे का, पाणी कुठलं पिता, कुठे प्रवास झाला का. शेवटी विचारलं, घरात काही पाळलंय का? कुत्रा, मांजर, पक्षी?

बेकरीवाल्याने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

"नाही," बेकरीवाला म्हणाला.

त्याच संध्याकाळी घरी एक छोटीशी गोष्ट घडली. पोपटाने पाण्याची वाटी उलटवली आणि तो त्यात लोळला. गारठेल म्हणून रंगाऱ्याने हाताशी होतं ते पांढरं फडकं घेऊन त्याला टिपलं. घाईत कंठाला हात लावायचा नाही हे विसरला. फडकं बाजूला ठेवताना त्याला त्यावर डाग दिसला.

काळा डाग. ओल्या सुतावर तो पसरत गेला आणि कडेला आधी जांभळा, मग निळा झाला. त्याच्याशेजारी फिकट गुलाबी पुसट रेघ.

दुसऱ्या कुणाला हा मळ वाटला असता. रंगाऱ्याला वाटणं शक्य नव्हतं. स्वस्तातला काळा रंग दोन-तीन रंग मिसळून करतात आणि ओल्या कापडावर तो असा फुटतो, हे तो एकतीस वर्षं बघत होता. असा रंग आणणाऱ्या व्यापाऱ्याला त्याने कितीदा परत पाठवलं होतं. हा कच्चा रंग होता, वरून लावलेला. पिसात उगवलेला नव्हता.

त्याला कळलं. आणि कळल्यावर त्याने फडक्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. फडकं खिशातच होतं. खिशात हात गेला की तो काढून घ्यायचा. पोपटाला तो नेहमीसारखं आलोच म्हणायचा, पण म्हणताना त्याच्याकडे बघायचा नाही. शुक्रवारी सकाळी बेकरी उघडली नाही. छोटीला रात्रीपासून ऑक्सिजन लावलाय, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हा रंगाऱ्याने पिंजरा उचलला, त्यावर चादर टाकली आणि तो गुरांच्या दवाखान्यात गेला.

तिथली डॉक्टरीणबाई गाईच्या खुराला पट्टी बांधत होती. ती आटोपून तिने हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि पोपट हातात घेतला. तिने चोच पाहिली, डोळे पाहिले, शेपटी मोजली, पंख पसरून पाहिले. उडण्याची पिसं कात्रीने सरळ कापलेली होती. मग कापसाचा ओला बोळा गळ्यावरून दोनदा फिरवला. कंठ गेला.

"काका, हे पिल्लू आहे. वर्षाचंही नाही," ती म्हणाली. "कंठ फक्त नराला येतो, तोही तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, हळूहळू. मादीला जन्मात येत नाही. एका रात्रीत कंठ फुटलेला पोपट मी अजून पाहिलेला नाही."

बोलणं कसं शिकतो, असं रंगाऱ्याने विचारलं. ती म्हणाली, त्यात काही जादू नाही. पिल्लू कळपातून तोडलं की ते एकटं पडतं, आणि जो आवाज सतत कानावर येईल त्यालाच आपला कळप समजून त्याची नक्कल करतं. अंधारात कोंडून एकच वाक्य दोन-तीन महिने ऐकवलं, की बोलतं.

तेवढ्यात पोपट बोलला. "टिंग. अहो, चष्मा राहिला. पँ पँ. परत येताय?"

डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या. हे टिंग आणि पँ पँ काय, असं विचारलं. रंगारी म्हणाला, ते काही नाही, मध्येच असं काहीतरी करतो. "टिंग तर फोनची वाटते," ती म्हणाली. "निरोप बोलून पाठवतात ना, त्याच्या सुरुवातीला वाजते तशी." मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, जो तिच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा होता. असे पोपट आणखी कुणाकडे आहेत का, आणि त्या घरांत कुणाला ताप आहे का?

छोटीचं ऐकल्यावर ती खुर्चीवरून उठली. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला एक ताप होतो, फुप्फुसं धरतो, तिने सांगितलं. ओळखला तर औषध साधं आहे. ओळखलाच नाही तर माणूस जातो. इस्पितळाला फोन करू का, असं तिने विचारलं. रंगारी म्हणाला, करा, पण मीही जातो. बेकरीवाला नाही म्हणाला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

इस्पितळात त्याने डॉक्टरांना गाठून बेकरीवाल्यासमोर सांगितलं, की यांच्या घरी पोपट आहे, आणि त्याचा पिंजरा ही मुलगी रोज साफ करत होती. डॉक्टरांनी एक शब्द न बोलता औषध बदललं. बेकरीवाला मात्र खूप बोलला. आई उडून गेली तर तुम्ही आणून देणार का, असं म्हणाला. रंगाऱ्याने खिशातलं फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

बेकरीवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे कधीचं?"

"मंगळवारचं."

"आज शुक्रवार आहे, काका," बेकरीवाला म्हणाला, आणि पाठ फिरवून आत गेला.

घरी येऊन रंगाऱ्याने कपाट उघडलं. बायकोचा फोन काढला, तासभर चार्जिंगला लावला, आणि चष्मा लावून एकेक निरोप शोधत बसला. सापडायला फार वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वीचा होता. त्याने बटण दाबलं. टिंग. "अहो, चष्मा राहिला." मागे रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, दोनदा. "परत येताय? का मी आणू?" आणि मग ती हसली.

हसणं पोपटाला आलं नव्हतं.

रंगाऱ्याने तो निरोप पुन्हा ऐकला, आणि पुन्हा. पहिल्यांदा ऐकताना त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला नंतर कायम लाज वाटली. त्याला वाटलं, हा आवाज वेगळाच आहे. इतका भरदार, इतका खालचा. गेले काही आठवडे तो चिरका आवाज ऐकून ऐकून त्याच्या कानात तिच्या आवाजाच्या जागी पोपटाचा आवाज बसला होता. ती गेली तेव्हा एकदा गेली होती. आता, तिला परत आणतो म्हणून सांगत, बाबाने तिच्या नवऱ्याच्या कानातूनही तिला हुसकून लावलं होतं.

हा फोन त्याच्याखेरीज फक्त एका माणसाच्या हातात गेला होता.

मेहुण्याच्या दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. टेबलावर उघडलेला फोन, बारीक स्क्रू, दिवा. दाजींना बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. रंगारी बसला नाही. त्याने बायकोचा फोन काढून तो निरोप लावला. हॉर्न वाजला तिथे मेहुण्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"किती जणांचे दिलेस?" रंगाऱ्याने विचारलं.

मेहुण्याने टेबलावरचा दिवा बंद केला. मग म्हणाला, मोजले नाहीत. माणूस गेलं की घरचे फोन घेऊन येतात, फोटो वाचवा म्हणतात. निरोप त्यातच असतात. बाबाला ते दिले की पोपटामागे काही मिळायचं. बाबा पूर्वी आठवडी बाजारात पक्षी विकायचा, तिथली ही ओळख.

"पण तुमचं तसं नव्हतं, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही जेवत नव्हता. पोपट आला आणि तुम्ही जेवायला लागलात. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात वाईट काय झालं?"

"मी शब्द दिला लोकांना."

"तुम्हाला बोला म्हणून मी सांगितलं नव्हतं."

"बाबाने सांगितलं. आणि मी बोलेन हे त्याला कुणी सांगितलं?"

मेहुणा टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागला. रंगाऱ्याला आता पहिल्या दिवसापासूनचं सगळं नीट दिसलं. मुरलेला भक्त बोलला तर चार माणसं येतात. हसणारा रडला तर चारशे येतात. बाबाला हसणारा माणूस हवा होता, आणि मेहुण्याच्या घरात एक होता. ते डबे, ते समोर बसून राहणं, ती माया खोटी नव्हती. खरी असूनही ती विकली गेली होती, हे जास्त लागत होतं. निव्वळ लबाडाचा राग करता येतो. याचं काय करायचं?

"तुझी सख्खी बहीण होती," तो म्हणाला.

"म्हणून तर पहिला आवाज तिचाच दिला," मेहुणा म्हणाला. हे वाक्य त्याने समजूत काढण्यासाठी म्हटलं होतं.

रंगारी दुकानातून बाहेर पडला. त्यानंतर तो त्या घराशी बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी गोदाम खचाखच भरलं होतं. डॉक्टरीणबाई वनखात्याच्या दोन माणसांना घेऊन मागे उभी होती. एका नव्या पिंजऱ्याची खोळ उचलली गेली, सुस्कारा उठला, कंठ फुटला असा पुकारा झाला. तेव्हा रंगारी उभा राहिला. बाबाला आनंदच झाला. त्याला वाटलं, आणखी एक साक्ष.

रंगारी टेबलाजवळ गेला आणि लोकांकडे वळला. त्याने विचारलं, ज्यांच्या घरी इथला पोपट आहे त्यांनी सांगा, तो बोलण्याआधी टिंग करतो का?  बँकेतल्या बाईंनी अर्धवट हात वर केला. मग मागून एकाने. मग हातांना मोजदाद राहिली नाही.

"आणि बोलता बोलता मध्येच दुसरं काही?"

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमचा मुलगा कुकरची शिट्टी वाजवतो. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एका बाईच्या नवऱ्याच्या बोलण्यात कुत्रं भुंकत होतं. एकीच्या सासूबाईंच्या मागे बातम्यांचं संगीत वाजत होतं. रंगाऱ्याने बायकोचा निरोप सगळ्यांना ऐकवला, हॉर्नसकट. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. गेलेल्या माणसाचा फोन दुरुस्तीला बसथांब्याजवळच्या दुकानात कुणी कुणी दिला होता?

या वेळी हात वर झाले नाहीत. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, आणि त्यातच उत्तर होतं.

बाबा तेवढ्यात सावरला होता. घसा साफ करून तो म्हणाला, काकांना दुःखाने भ्रम झालाय. कंठ तर खरा आहे ना? रंगाऱ्याने ओलं फडकं काढलं, आणि नव्या पोपटाच्या गळ्यावरून फिरवून ते उंच धरलं. काळं, जांभळं, गुलाबी. मान कोरी.

"शंका घेतलीत," बाबा शांतपणे म्हणाला. "शंकेने कंठ पुसला जातो. मी आधीच सांगितलं होतं."

"बरं," रंगारी म्हणाला. "मी फडकं खाली ठेवतो. दुसरा पिंजरा काढा. मी इथे उभा राहून नुसती शंका घेतो. तासभर घेतो. पुसला गेला तर तुम्ही जिंकलात."

बाबा पिंजऱ्याकडे वळला नाही. दाराकडे वळला. तिथे वनखात्याची माणसं होती. मागच्या खोलीत अकरा पिंजरे सापडले, जाड कापडात गुंडाळलेले. प्रत्येकात एक पिल्लू आणि पिल्लाशेजारी एक जुना फोन, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणारा. दार उघडलं तेव्हा अकरा मेलेली माणसं त्या अंधारात एकदम बोलत होती. कोपऱ्यात स्वस्तातल्या काळ्या रंगाची पुडी, गुलाबी रंगाची पुडी आणि बारीक ब्रश. तिथल्या दोन पिल्लांना आधीच तो आजार जडला होता.

सगळ्यांनी मानलं असं नाही. एका बाईने रंगाऱ्याला वाटेत अडवून सांगितलं, तुमच्या शब्दावर आम्ही आलो, आता तुमच्याच शब्दावर जायचं का? तिने आपला पोपट वनखात्याला दिला नाही, लपवून ठेवला. बाकीचे पोपट डॉक्टरीणबाईंकडे गेले. कापलेली पिसं पुन्हा येईपर्यंत त्यांना सोडता येणार नव्हतं, आणि पिसं आली तरी माणसांत वाढलेलं पाखरू कळपात किती टिकेल, हे तिलाही सांगता येत नव्हतं. रंगाऱ्याचा पोपट पंधरा दिवसांत मेला. मादी निघाली.

छोटी वाचली. एकोणीस दिवसांनी घरी आली, दम लागतो म्हणून जिना हळू चढते. बेकरीवाला रंगाऱ्याकडे बघत नाही. रंगारी त्याला दोष देत नाही. तीन दिवसांचा हिशेब त्याच्याकडेही आहे.

आता दुकानात कुणी या प्रकरणाचा विषय काढला, की तो हातातलं काम थांबवतो आणि सांगतो. बाबा लबाड होता हे सांगायला तो वेळ घालवत नाही. तो म्हणतो, दुःख झालं तर रडा. माणसांजवळ रडा, लाज वाटून घेऊ नका. पण जो तुमच्या घरातली गोष्ट तुम्हालाच चमत्कार म्हणून सांगतो, त्याला एकच साधा प्रश्न विचारा: तुला हे कळलं कुठून? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका, आणि विचारू नको असं कुणी म्हटलं तर लगेच उठा. हा प्रश्न विचारायला शाळा लागत नाही, विज्ञानाचं पुस्तक लागत नाही. मला तो येत होता. जन्मभर विचारत आलो होतो. ज्या दिवशी विचारायला हवा होता, त्या दिवशी मला उत्तर नको होतं.